‘यू आर नेश, डक’ : डर्बीशायरमधल्या एका शब्दाची हकिकत

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या एका मराठी ताईंनी प्रश्न पाठवला आहे. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी त्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत हीटरला अगदी चिकटून बसल्या होत्या, तेव्हा साठीकडे झुकलेल्या त्यांच्या वरिष्ठ परिचारिकेने त्यांच्याकडे पाहून हसत म्हटले, ‘यू आर नेश, डक.’ ताईंना दोन्ही शब्द कळले नाहीत. घरी विचारले तेव्हा त्यांच्या यजमानांनी सांगितले की हा आपला ‘नाजूक’च असणार, साहेब जाताना घेऊन गेला असेल. लंडनहून आलेल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले की हा अशिक्षितांचा शब्द आहे आणि असले शब्द मनावर घेऊ नयेत. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, त्यात अपमान आहे का, आणि ‘डक’ म्हणजे बदकच ना, असे ताईंचे चार प्रश्न आहेत.

इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्यांतली काही शेफील्डमध्ये, म्हणजे याच शब्दाच्या मुलखात, गेली. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. थोडक्यात हवे असेल तर ते असे: ‘नेश’ म्हणजे थंडी न सोसणारा, लवकर काकडणारा माणूस. हा शब्द ‘नाजूक’पासून आलेला नाही. तो अशिक्षितांचा तर नाहीच. ‘मऊ’ या अर्थाने ‘सॉफ्ट’ हा शब्द इंग्रजीत रुळण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच अर्थाने हा शब्द इंग्रजीत नांदत होता. त्यात थट्टा आहे, पण ती बहुतेक वेळा घरातल्या माणसाने घरातल्या माणसाची करावी तशी आहे.

आधी उच्चार. यातला ‘ए’ ऱ्हस्व आहे, ‘फ्रेश’ या शब्दात असतो तसा. मराठी वळणाने ‘नेऽश’ असा लांबवला तर डर्बीशायरच्या माणसाला तो ओळखू येणार नाही. अर्थाच्या बाबतीत एक बारकावा कोशात वाचून सहसा ध्यानात येत नाही. ‘मला थंडी वाजते आहे’ हे सांगायला तिथले लोक ‘नेश’ वापरत नाहीत. थंडी वाजणे ही त्या घटकेची अवस्था आहे. ‘नेश’ असणे हा माणसाचा स्वभाव किंवा प्रकृती आहे. उणे पाच अंशांत कुडकुडणाऱ्या माणसाला कोणी नेश म्हणणार नाही, कारण तिथे कोणीही कुडकुडेल. बाकीचे सगळे साध्या सदऱ्यावर वावरत असताना जो स्वेटरवर स्वेटर चढवतो, समुद्रात घोट्यापर्यंत पाय बुडवून जो माघारी फिरतो, उन्हाळ्यातही जो खिडकी लावून घ्या म्हणतो, तो नेश. मराठीत यासाठी एकच शब्द सापडत नाही. ‘थंडीला नाजूक’, ‘गारवा न सोसणारा’ असे दोन-तीन शब्द जोडावे लागतात. एका अक्षरात एवढे सगळे सांगणारा शब्द प्रमाण इंग्रजीतही नाही, आणि तो इतकी शतके टिकून राहण्याचे हे एक कारण आहे असे मला वाटते.

शेफील्डमध्ये जानेवारीत बसथांब्यावर पाहिलेला एक प्रसंग सांगतो. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या पातळ स्वेटरवर उभा होता, कोट हातात, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. शेजारी त्याचे आजोबा होते. त्यांनी टोपी कानांवर ओढली होती आणि मफलरचे टोक ते पुन्हा पुन्हा कोटात खोचत होते. मुलगा म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही नेश आहात.’ म्हातारबुवांनी मफलर खोचणे थांबवले नाही. ‘आहेच मुळी,’ ते म्हणाले, ‘पन्नास वर्षं उघड्यावर काम केलंय. आता मला नेश व्हायचा हक्क आहे.’ मुलाने मग काही न बोलता कोट अंगात घातला. त्या शब्दात कणखरपणाची परीक्षा आहे, थट्टा आहे आणि माया आहे, हे त्या दिवशी मला ज्या तऱ्हेने समजले तसे कोणत्याही कोशातून समजले नव्हते.

आता उगमाकडे वळू. इंग्रजीचे सर्वांत जुने रूप, जे साधारणपणे इसवी सन ११०० च्या आधी बोलले आणि लिहिले जात होते, त्यात हा शब्द ‘ह्नेशे’ असा होता. त्याचा मुख्य अर्थ मऊ; आणि त्याला लागून कोवळा, दुबळा, मनाने हळवा, पुरुषाला न शोभेल इतका सुखासीन, असे अर्थ होते. ‘मऊ करणे, मऊ होणे’ अशा अर्थाचे क्रियापदही त्याच धातूपासून केलेले होते. सुरुवातीचा ‘ह्न’ पाहून गोंधळू नये. जुन्या इंग्रजीत ‘ह’ला जोडून ‘न’, ‘ल’, ‘र’ येत असत आणि पुढे तो ‘ह’ झडून गेला: ‘ह्नुतु’चे ‘नट’ झाले, ‘ह्लाफ’चे ‘लोफ’ झाले, ‘ह्रिंग’ची ‘रिंग’ झाली. त्याच वाटेने ‘ह्नेशे’चे ‘नेश’ झाले. म्हणजे ‘नेश’ हा कोणत्याही प्रमाण शब्दाचा अपभ्रंश नाही. ‘नट’ आणि ‘रिंग’ जितके सरळ वारसाने आले तितकाच तोही.

या शब्दाचा एक नातलग आणखी जुना आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचे भाषांतर गॉथिक भाषेत केले. गॉथिक ही इंग्रजी आणि जर्मन यांची आता लुप्त झालेली चुलत बहीण. त्या भाषांतराची सर्वांत प्रसिद्ध प्रत सहाव्या शतकातली आहे. जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी आणि सोनेरी शाईने लिहिलेली ती पोथी आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गॉथिकमध्ये ‘मऊ’साठी शब्द आहे ‘ह्नस्क्वुस’. वर्गात हा शब्द शिकवताना मी नेहमी एकच ओवी निवडत असे, कारण तिच्यात या शब्दाचे अख्खे चरित्र दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातली ती आठवी ओवी. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाविषयी येशू लोकांना विचारतो: तुम्ही रानात काय पाहायला गेला होता, मऊ वस्त्रे ल्यालेल्या माणसाला? जो माणूस उंटाच्या केसांचे वस्त्र नेसून रानात राहत होता, त्याच्याबद्दलचा हा प्रश्न आहे. तेव्हा इथे ‘मऊ’ या शब्दावर सगळा भार आहे. कापडाचा मऊपणा आणि माणसाचा मऊपणा असे दोन्ही अर्थ त्यात बोलतात.

वुल्फिलाच्या गॉथिकमध्ये या जागी ‘ह्नस्क्वुस’चेच रूप आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या जुन्या राज्याच्या, इंग्रजीत शुभवर्तमानांचे भाषांतर झाले. तिथे याच जागी ‘ह्नेशे’चे रूप आहे. दोन भाषांतरांत सहाशे वर्षांचे आणि अर्ध्या युरोपचे अंतर, पण शब्द एकाच घराण्यातला. मग चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधला धर्मसुधारक विक्लिफ याच्या अनुयायांनी केलेले भाषांतर उघडावे: तिथे ‘सॉफ्ट’ आहे. १६११ च्या राजमान्य भाषांतरातही ‘सॉफ्ट’च आहे. म्हणजे वेसेक्स आणि विक्लिफ यांच्या दरम्यानच्या चारशे वर्षांत या शब्दाचे त्या ओवीतले आसन दुसऱ्याने घेतले. तो मेला मात्र नाही. तो पोथीतून उठला आणि स्वयंपाकघरात, शेतात, पुढे खाणीत जाऊन बसला.

यजमानांच्या तर्काकडे येतो. तो तर्क मी हसण्यावारी नेणार नाही, कारण इंग्रजीत आपल्याकडून गेलेले शब्द खरोखरच पुष्कळ आहेत. वेड लागलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये आजही ‘डूलॅली’ म्हणतात, आणि तो शब्द थेट नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक महिनोन्महिने पडून राहत. कंटाळ्याने, उन्हाने आणि तापाने सैरभैर झालेल्या अशा सैनिकाला ‘देवळालीचा ताप’ चढला आहे असे म्हणण्याची पद्धत त्यांच्यात पडली. तेव्हा ज्या घरात ‘डूलॅली’ माहीत आहे, त्या घरात ‘नेश’विषयी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु तर्काची कसोटी नुसत्या कानाने लागत नाही. पहिली कसोटी काळाची. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० सालची, आणि ‘ह्नेशे’ त्याच्या सहाशे वर्षे आधी इंग्लंडमधल्या हस्तलिखितांत लिहिलेला सापडतो. दुसरी कसोटी रूपाची. ‘नाजूक’ फारसीतून मराठीत आला; त्याच्या मुळाशी ‘नाज’ म्हणजे लाड, नखरा हा शब्द आहे आणि तो ‘न’ने सुरू होतो. ‘नेश’ आज ‘न’ने सुरू होत असला तरी हजार वर्षांपूर्वी तो ‘ह्न’ने सुरू होत होता. म्हणजे दोन्ही शब्द जसजसे मागे न्यावेत तसतसे ते एकमेकांपासून दूरच जातात. आज ते जवळ दिसतात तो निव्वळ योगायोग आहे.

मग आणखी एक शंका उरते: नाजूक नसेल, पण संस्कृतात तरी कोणी नातलग असेल का? इथे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला ध्वनिनियम उपयोगी पडतो. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात, शब्दाच्या आरंभी जिथे ‘ह’ दिसतो, तिथे लॅटिनमध्ये साधारणपणे ‘क’ आणि संस्कृतात ‘श’ किंवा ‘क’ असतो. इंग्रजी ‘हंड्रेड’, लॅटिन ‘केंटुम’, संस्कृत ‘शतम्’. इंग्रजी ‘हॉर्न’, लॅटिन ‘कोर्नू’, संस्कृत ‘शृंग’. इंग्रजी ‘हाउंड’, लॅटिन ‘कानिस’, संस्कृत ‘श्वन्’. या हिशेबाने ‘ह्नेशे’चा संस्कृत नातलग ‘न’ने सुरू होणार नाही, तो ‘श’ किंवा ‘क’ने सुरू व्हायला हवा. म्हणून ‘न’ने सुरू होणारा कोणताही भारतीय शब्द समोर ठेवला तरी तो या कसोटीवर टिकत नाही.

पण ताईंना रिकाम्या हाताने पाठवण्याचे कारण नाही. त्याच ओवीत, गॉथिक ‘मऊ’ला लागून जो पुढचा शब्द येतो, तो आहे ‘वस्त्योम’, म्हणजे वस्त्रांनी. हा आपला ‘वस्त्र’ आहे. संस्कृतातला ‘वस्’, म्हणजे अंगावर घेणे, पांघरणे, आणि गॉथिकमधला हा शब्द एकाच मूळ धातूचे आहेत, आणि इंग्रजीतले ‘वेअर’, म्हणजे अंगात घालणे, हे क्रियापदही त्याच धातूतून निघालेले आहे. हे नाते कोणी कोणाकडून उसने घेतल्यामुळे झालेले नाही. ते या सगळ्या भाषांना एकाच पूर्वजाकडून मिळाले आहे. यजमानांनी नाते शोधले ते योग्य ओवीत शोधले होते, फक्त एक शब्द अलीकडे.

‘नेश’ला प्रमाण इंग्रजीतून बाहेर पडावे लागले ते का, हा मला यातला सर्वांत रोचक भाग वाटतो. १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची, न्यायालयाची, श्रीमंत घरांची भाषा फ्रेंच झाली. पुढच्या तीनेक शतकांत फ्रेंचमधून ‘टेंडर’ आला. लॅटिनच्या वाटेने ‘डेलिकेट’ आला. याच सुमारास घरचाच एक शब्द जागा सोडून सरकला. ‘सॉफ्ट’ हा जुन्या इंग्रजीत स्पर्शाला मऊ या अर्थाचा नव्हता. त्याचा अर्थ शांत, सौम्य, सुखावह असा होता. इसवी सन १२०० च्या सुमारापासून तो वस्तूंच्या मऊपणासाठीही वापरला जाऊ लागला. म्हणजे ‘नेश’वर दोन बाजूंनी दाब आला: कोवळेपणाचा अर्थ फ्रेंच पाहुण्याने घेतला आणि मऊपणाचा अर्थ शेजाऱ्याने. तरीही मध्यकालीन इंग्रजीत हा शब्द चांगला वावरत होता. ‘नेश आणि हार्ड’, म्हणजे मऊ आणि कठीण, अशी जोडी ‘सुखात आणि दुःखात, काहीही झाले तरी’ या अर्थाने वापरली जात असे. परंतु लंडनभोवतालच्या भाषेला प्रमाणाचे स्थान मिळत गेले, पुढे छापखान्याने ती पक्की केली, आणि तोवर लंडनमध्ये ‘नेश’ मागे पडला होता.

शब्द जेव्हा असा मागे रेटला जातो, तेव्हा तो सगळे अर्थ एकदम टाकत नाही. ज्या अर्थासाठी त्याच्याशिवाय अडते, तेवढा धरून ठेवतो. मऊ गादीला, मऊ लोण्याला म्हणायला ‘सॉफ्ट’ आला होता. पण अंगाला गारवा न सोसणे या खास घरगुती गोष्टीला नवा शब्द कोणी आणला नाही. म्हणून तो तिथे राहिला. इंग्रजीत असे अनेक शब्द आकसले आहेत. ‘मीट’चा मूळ अर्थ कोणतेही अन्न असा होता, आता तो फक्त मांस. ‘डिअर’ म्हणजे कोणताही पशू होता, आता तो फक्त हरिण. आणि ताईंच्या कामात प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे एक उदाहरण मुद्दाम सांगतो: ‘स्टार्व्ह’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता मरणे असा होता. जर्मनमधले ‘श्टेर्बेन’ आजही तोच अर्थ सांगते. प्रमाण इंग्रजीत तो आकसून ‘उपासमारीने मरणे, भुकेने कासावीस होणे’ इतका उरला. उत्तरेकडच्या आणि मध्य इंग्लंडमधल्या बोलींत मात्र तो दुसऱ्या दिशेला आकसला आणि ‘थंडीने गारठणे’ असा उरला. तेव्हा वॉर्डातल्या एखाद्या आजीबाई ‘आय ॲम स्टार्व्ड’ म्हणाल्या, तर त्यांना जेवण हवे आहे की पांघरूण, हे एकदा विचारून घ्यावे.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द पुन्हा छापील पानावर दिसू लागला, तो कादंबऱ्यांतल्या संवादांत. एलिझाबेथ गॅस्केल यांनी मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या जीवनावर लिहिलेली ‘मेरी बार्टन’ १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच प्रकरणात कामगारांची दोन कुटुंबे सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या कुरणात फिरायला जातात आणि तिथे बसताना कोणीतरी म्हणते की गवत जवळजवळ वाळलेच आहे आणि तुम्ही काही थंडी बाधणारी ‘नेश’ माणसे नाही. या शब्दाखाली तळटीप दिली आहे आणि तिच्यात त्याचे अँग्लो-सॅक्सन मूळ व अर्थ सांगितला आहे. ही तळटीप मला फार मोलाची वाटते. लंडनच्या वाचकाला शब्द कळणार नाही म्हणून टीप द्यावी लागली, हे तर झालेच. पण टीपेत ‘कामगारांची गावंढळ बोली’ असे न म्हणता त्याचे कूळ सांगितले, म्हणजे हा कामगार तुमच्यापेक्षा जुनी इंग्रजी बोलतो आहे असे वाचकाच्या निदर्शनास आणले. लेखिकेचे पती विल्यम गॅस्केल धर्मोपदेशक होते आणि लँकेशरच्या बोलीचे अभ्यासक होते. त्यांची या बोलीवरची दोन व्याख्याने १८५४ च्या आवृत्तीला जोडलेली आहेत.

टॉमस हार्डीच्या १८८७ च्या ‘द वुडलँडर्स’मध्ये हा शब्द डॉर्सेटच्या बाजूच्या खेडुतांच्या तोंडी येतो: मुलीला इतका काळ निवासी शाळेत ठेवली तर तीही आईसारखीच ‘नेश’ होईल, असे तिथे बोलले जाते. इथे थंडीचा काही संबंध नाही. नाजूक प्रकृतीची, कष्ट न सोसणारी असा जुना, रुंद अर्थ आहे. म्हणजे त्या काळी नैर्ऋत्येला हा शब्द अजून पूर्ण आकसला नव्हता. आणि डी. एच. लॉरेन्सच्या १९१३ च्या ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये नॉटिंगहॅमशरचा खाणकामगार मोरेल अंग धुताना गारठ्यावरून बोलतो तिथे ‘नेश’ येतो, तो जवळजवळ आजच्याच अर्थाने. लॉरेन्स स्वतः खाणकामगाराचा मुलगा होता, त्यामुळे हा शब्द त्याने कोशातून उचललेला नाही.

सहकाऱ्याचा ‘अशिक्षितांचा शब्द’ हा शेरा मला बोचला, आणि त्याला उत्तर म्हणून मी एका माणसाची गोष्ट सांगतो. जोसेफ राइट यांचा जन्म १८५५ मध्ये यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ झाला. सहाव्या वर्षी ते दगडाच्या खाणीवर गाढवगाडी हाकत होते, पुढे सॉल्टेअरच्या कापड गिरणीत कामाला लागले, आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हते. रात्रशाळेत शिकून, पैसे साठवून ते जर्मनीत गेले, तौलनिक भाषाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ऑक्सफर्डला त्या विषयाचे प्राध्यापक झाले. त्यांनी गॉथिक भाषेचे व्याकरण लिहिले, आणि १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांचा ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’ हा बोलींचा महाकोशही त्यांनीच सिद्ध केला. म्हणजे ‘ह्नस्क्वुस’ आणि ‘नेश’ या शब्दाच्या दोन्ही टोकांवर अधिकाराने हात ठेवू शकणारा विद्वान हा गिरणीतला पोर होता. त्यांच्या कोशातली ‘नेश’ची नोंद पाहण्यासारखी आहे. बारीक टंकात परगण्यांच्या संक्षेपांची लांबच लांब रांग आहे आणि खाली अर्थ: मऊ, कोवळा, नाजूक प्रकृतीचा, थंडीला न टिकणारा, खाण्यापिण्यात चोखंदळ, भित्रा. जुन्या ‘ह्नेशे’चे बहुतेक सगळे अर्थ खेड्यापाड्यांत तेव्हाही जिवंत होते, हे त्या एका नोंदीवरून कळते.

पुढे लीड्स विद्यापीठाचे हॅरॉल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी आखलेल्या इंग्रजी बोलींच्या पाहणीत १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन, तेराशेहून अधिक प्रश्नांची यादी घेऊन, मुख्यतः शेतीवर राबलेल्या वृद्ध माणसांची बोली टिपली गेली. अशा कामांमुळे बोलीतल्या शब्दांचे नकाशे काढता येतात. ‘नेश’चा आजचा मुलूख म्हणजे ढोबळमानाने स्टॅफर्डशर, डर्बीशायर, नॉटिंगहॅमशर, चेशर, लँकेशरचा दक्षिण भाग आणि शेफील्डच्या भोवतालचे दक्षिण यॉर्कशर. याच्या बाहेर, लंडनच्या बाजूला, कितीतरी शिकलेल्या इंग्रजांनी हा शब्द ऐकलेलाही नसतो, आणि सहकाऱ्याचे तसे झाले असणार. समुद्रापलीकडे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर तो ‘निश’ या रूपात नाजूक, हुळहुळा या अर्थाने सापडतो. नैर्ऋत्य इंग्लंडमधून तिथे वस्तीला गेलेल्या लोकांबरोबर तो गेला.

आता अपमानाचा प्रश्न. या शब्दात कमीपणाची छटा आहे हे मी नाकारणार नाही. जुन्या इंग्रजीतच त्यात ‘पुरुषाला न शोभणारा मऊपणा’ असा अर्थ होता, आणि ज्या भागात हा शब्द टिकला तो कोळशाच्या खाणींचा, पोलादाच्या भट्ट्यांचा, गिरण्यांचा भाग आहे. जिथे थंडी-वाऱ्यात राबण्यावर घर चालत होते तिथे ‘हा नेश आहे’ या वाक्याला वजन होते, आणि पोरांना कणखर करण्यासाठी त्याचा चाबकासारखा उपयोगही झाला असणार. आज मात्र बोलणाऱ्याचा सूर आणि नाते यांवर सगळे अवलंबून आहे. तिथले लोक स्वतःलाच निःसंकोचपणे ‘मी बाई नेश आहे’ असे म्हणतात, आणि नवरा-बायको खिडकी उघडी ठेवण्यावरून एकमेकांना रोज म्हणतात. परक्या माणसाबद्दल तो सहसा तोंडावर वापरत नाहीत. त्याच्याशी ते प्रमाण इंग्रजीत, जपून बोलतात. वरिष्ठ बाईंनी तुम्हाला तो हसत आणि ‘डक’ लावून म्हटला, याचा अर्थ मी असा घेईन की त्यांनी तुमच्याशी बोलताना पाहुण्यांची भाषा बाजूला ठेवली. हाच शब्द कोणी ‘या लोकांना’ असे म्हणत, हसू न आणता, वारंवार वापरला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोष शब्दाचा नसून बोलणाऱ्याचा असेल आणि तो निमूट सोसण्याचे कारण नाही.

‘डक’विषयी. होय, शब्द बदकाचाच आहे, पण इथे त्याचा अर्थ ‘राजा’, ‘बाळा’, ‘माझे आई’ या लडिवाळ संबोधनांसारखा आहे. डर्बी, नॉटिंगहॅम आणि स्टोक या भागांत दुकानदार गिऱ्हाइकाला, बसचालक उतारूला, बायका पुरुषांना आणि पुरुषही पुरुषांना ‘डक’ म्हणतात. म्हणून एखाद्या अनोळखी गृहस्थाने तसे म्हटले तर ती सलगी समजू नये. तिकडे मोठ्या अभिमानाने अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते की हा शब्द अँग्लो-सॅक्सन काळातल्या ‘डुकास’ या आदरार्थी पदवीपासून आला. ऐकायला ती गोड वाटते, पण टिकत नाही: ‘ड्यूक’ हा सरदारकीचा शब्द लॅटिन ‘डुक्स’पासून फ्रेंचमार्गे आला, म्हणजे तो नॉर्मन काळानंतरचा. उलट बदकाचे नाव लाडाने माणसाला लावल्याचा पुरावा शेक्सपिअरच्या काळापासून आहे. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या शेवटच्या अंकात नाटकातल्या नाटकात पिरॅमस आपल्या प्रेयसीसाठी शोक करताना तिला ‘डेंटी डक’ म्हणतो. आपण ‘माझी चिमणी’, ‘माझी मैना’ म्हणतो तिथे त्यांनी बदक निवडले, इतकेच.

शेवटी, उत्तर काय द्यावे असे ताईंनी थेट विचारलेले नाही, पण त्यांना ते हवे असेल असे वाटते. पुढच्या वेळी बाईंनी तसे म्हटले तर त्यांना एवढेच सांगावे, ‘हो, आहे मी नेश,’ ऱ्हस्व ‘ए’ सांभाळून. मग त्यांना विचारावे की त्यांची आई थंडीने काकडायला काय म्हणत असे. साठीच्या बाईंच्या आईचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे झालेला असणार, आणि त्या पिढीकडे अजून ‘स्टार्व्ड’ असेल, यॉर्कशरची माहेरवाशीण असेल तर ‘निदर्ड’ असेल, आणि हट्टी, फुरंगटलेल्या पोराला म्हणायचा ‘मार्डी’ तर नक्की असेल. जे शब्द येतील ते त्यांच्याच उच्चारात, बोलणाऱ्याचे गाव आणि वय यांसह, वहीत टिपून ठेवावेत. ऑर्टन यांची माणसे गावोगाव जाऊन हेच करत होती.